नवा मॉनिटर घरी आलाय, आधी काच पुसायचा स्प्रे लपवून ठेवा

माझा पहिला मॉनिटर मी स्वतःच्या हाताने मारला. दिवाळीची साफसफाई चालू होती, खिडक्यांची तावदानं पुसून झाली, कपाटाचा आरसा झाला, हातात तोच निळा स्प्रे होता आणि समोर धुळकट मॉनिटर. दोन फवारे सरळ स्क्रीनवर, वर्तमानपत्राचा बोळा फिरवला, एकदम चकाचक. संध्याकाळी चालू केला तर खालच्या बाजूला काळसर डाग आणि तिथून वर गेलेल्या उभ्या रेघा. दुरुस्तीवाल्याने एक नजर टाकली आणि विचारलं, "ताई, पुसला होता का?" बस, तेवढंच. पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा आतला पडदा, गेलं होतं, आणि पॅनेल बदलायचा खर्च म्हणजे जवळपास नवा मॉनिटर.

त्यानंतर घरात, सासरी, चिपळूणला बाबांकडे असे मिळून पाच-सहा मॉनिटर मीच लावून दिलेत, आणि माझं पक्कं मत झालंय की मॉनिटर सहसा म्हातारा होऊन मरत नाही, आपणच त्याला पाणी, वीज नाहीतर धसमुसळेपणा यातल्या एकाने मारतो. म्हणून ज्यांनी पहिल्यांदाच घेतलाय त्यांच्यासाठी खोका उघडण्यापासून सगळं क्रमाने सांगते.

१. खोका उघडताना

ऑनलाइन मागवला असेल तर उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, खोक्यावरचं लेबल दिसेल असा, मध्ये न थांबवता. आतून फुटका निघाला तर पुढची सगळी वादावादी त्या व्हिडिओवर सुटते. लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) मार्क आणि आर ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघून घ्या, मॉनिटरला भारतात ते रजिस्ट्रेशन लागतं.

बाहेर काढताना स्क्रीनला धरून ओढायचं नाही. अंगठा आत दाबला जातो आणि तिथेच पॅनेलला तडा जातो, वरून काही दिसतही नाही, चालू केल्यावर कोळ्याचं जाळं दिसतं. थर्माकोलसकट खोका आडवा ठेवा, स्क्रीन खाली आणि पाठ वर, तसाच स्टँड जोडा आणि मग स्टँडच्या मानेला धरून उभा करा. थर्माकोल नीट बसत नसेल तर गादीवर स्वच्छ चादर टाकून त्यावर पालथा ठेवा, पण आधी चादरीवर पिना, रिमोट, बांगडी काही नाही ना ते हाताने चाचपून बघा.

भिंतीवर किंवा आर्मवर (टेबलाला घट्ट बसवायचा हलता हात) लावणार असाल तर मागची चार भोकं मोजा, दोन भोकांतलं अंतर बहुतेकदा १०० नाहीतर ७५ मिलिमीटर असतं. स्क्रू मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या लांबीचेच घ्यायचे, सुताराच्या डब्यातला लांब स्क्रू आत जाऊन पॅनेलला मागून टोचतो.

आणि खोका फेकू नका. माळ्यावर जागा नाहीये, माहितीये, तरी वॉरंटी संपेपर्यंत ठेवा. भाड्याचं घर बदलताना टेम्पोत मॉनिटर न्यायला त्या थर्माकोलपेक्षा चांगलं काही नसतं.

२. पहिल्याच दिवशी ठिपके तपासा

साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके (पिक्सेल) असतात, त्यातल्या प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ६२ लाखांच्या वर बारीक दिवे समजा. एखादा बिघडलेला निघू शकतो. पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, मग लाल, हिरवं, निळं अशी चित्रं फुल स्क्रीन लावून जवळून बघा. दुकान किंवा साइट परत घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, त्यामुळे हे पहिल्या संध्याकाळीच उरका. वॉरंटीत एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी कंपन्या सहसा मॉनिटर बदलून देत नाहीत, किती खराब असले की देतात ते त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं.

काळ्या चित्रावर कडेकडेने थोडा उजेड झिरपताना दिसेल, आयपीएस नावाच्या प्रकारच्या पॅनेलला तो थोडाफार असतोच, त्यावरून घाबरून जाऊ नका.

३. वीज. इथे घाई नको

मॉनिटर फार वीज खात नाही. २४ इंची एलईडी साधारण २० वॉट धरा, रोज १० तास चालवला तर महिन्याला ६ युनिट. म्हणून लोकांना वाटतं कुठेही लावला तरी चालतो. मुद्दा किती खातो हा नाहीये, त्याला काय खायला मिळतं हा आहे. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत, पण लाइट जाऊन परत येते तेव्हाचा जो झटका असतो तो वाईट. त्यामुळे लाइट गेली की मॉनिटरचं भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा आणि आल्यावर दोन-चार मिनिटं थांबून चालू करा. गावाकडे जिथे दिवसातून चारदा येजा चालते तिथे तर हे करायलाच हवं.

आता अर्थिंग. तीन पिनांचा प्लग असेल तर ती जाड वरची पिन शोभेची नाहीये. पण होतं काय की टेबलाजवळ दोन पिनांचाच सॉकेट असतो, मग कोणीतरी कन्व्हर्टर लावतं, आणि महिनाभराने मॉनिटरच्या मागच्या धातूला किंवा केबलच्या टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात. बाबांच्या घरी असंच होतं, ते म्हणायचे "जरासं गुदगुल्या करतं, बाकी काही नाही". जुन्या घराला अर्थिंगच धड नव्हतं. वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या, मीटर लावल्यावर फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे व्होल्ट दिसायला हवेत. हे काम स्वतः करू नका, आणि टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे असंही समजू नका, तो फक्त फेज दाखवतो.

एक्स्टेंशन बोर्डाचं म्हणाल तर सगळेच स्पाइक गार्ड, म्हणजे विजेचा झटका अडवणारे, नसतात. बरेच नुसते चार सॉकेट एका डब्यात. पाकिटावर सर्ज प्रोटेक्शन लिहिलंय का ते वाचून घ्या. त्याच बोर्डावर इस्त्री, मिक्सर, हीटर लावायचा नाही, आणि बोर्डाला बोर्ड जोडून आगगाडी करायची नाही. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा, घेतलात तर मॉनिटर आणि साधा कॉम्प्युटर दोन्ही आरामात बसतात, काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. लेझर प्रिंटर मात्र त्याच्यावर लावू नका, तो एकदम खूप करंट ओढतो.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपटा. जवळ वीज पडली तर स्पाइक गार्डही काही करू शकत नाही. गच्चीवरून तांब्याची नेट केबल येत असेल तर तीही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटर प्लगला असतोच की, तोही काढा.

ज्यांच्या मॉनिटरला बाहेरचा अडॅप्टर आहे त्यांनी अडॅप्टरवर आणि मॉनिटरच्या मागे लिहिलेले व्होल्ट एकदा जुळवून बघा. घरातला दुसरा कुठला चार्जर त्या भोकात बसतो म्हणून लावायचा नाही, पिन बसते पण १२ व्होल्टच्या मॉनिटरला १९ व्होल्ट गेले की कथा संपली.

आणि मागचं झाकण उघडायचं नाही, यूट्यूब बघून तर अजिबातच नाही. पॉवर सप्लाय आत असलेल्या मॉनिटरमध्ये कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास चढलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. जुने डबा मॉनिटर तर त्याहून भयंकर, त्यांच्या पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात.

४. केबल आणि सेटिंग

कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या भोकात लावायची, वर मदरबोर्डावरही तसंच एचडीएमआयचं भोक असतं आणि नव्वद टक्के नवखे तिथे लावून "मॉनिटर नो सिग्नल दाखवतोय" म्हणून फोन करतात. नव्वद मी अंदाजाने म्हणतेय, मला येणाऱ्या फोनवरून.

चालू झालं की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन जिथे रेकमेंडेड लिहिलंय तेच ठेवा. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्युशन कमी करू नका, सगळं धूसर होतं, त्याऐवजी स्केल १२५ टक्के करा. मग अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं ते, बघा, १०० किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन लोक वर्ष वर्ष ६० वर चालवतात कारण ते आपोआप बदलतंच असं नाही.

५. कुठे ठेवायचा, किती उजेड

जागा ठरवायची सोपी युक्ती सांगते. मॉनिटर टेबलावर ठेवा, बंदच असू दे, नेहमीच्या खुर्चीत बसा आणि त्या काळ्या स्क्रीनमध्ये काय दिसतंय ते बघा. ट्यूबलाइट दिसतेय? खिडकी दिसतेय? तेच दिवसभर तुमच्या डोळ्यात जाणार. खिडकी पाठीमागेही नको आणि समोरही नको, बाजूला हवी.

अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. स्टँड बुटका असेल तर खाली जुन्या जाडजूड डिक्शनऱ्या ठेवा, आमच्याकडे दोन वर्षं तेच आहे. मात्र ज्यांना चाळिशीचा चष्मा आहे, म्हणजे दोन भागांचा किंवा प्रोग्रेसिव्ह, त्यांनी मॉनिटर आणखी खाली घ्या, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं आणि आठवड्यात मान धरते. बाबांना मानेचा पट्टा लागायची वेळ आली होती, मॉनिटर चार इंच खाली घेतला आणि दुखणं थांबलं.

मॉनिटर दुकानातून येतो तेव्हा उजेड फुल असतो, तिथे तो नजरेत भरावा म्हणून. घरी कमी करा. पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा, स्क्रीन कागदापेक्षा ट्यूबसारखी चमकत असेल तर जास्त आहे, मळकट दिसत असेल तर कमी. रात्री पुन्हा कमी करायचा. काळोखात नुसता मॉनिटर लावून बसू नका, मागे एक साधा दिवा असू द्या.

डोळ्यांना त्रास होतो तो मुख्यतः आपण पापण्या मिटायच्या विसरतो म्हणून, स्क्रीनकडे बघताना उघडझाप खरंच कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर २०-२०-२० सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा. आता मुंबईच्या वन आरकेत २० फूट कुठून आणायचे, तर खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघा, चालतं. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. ब्लू लाइटचे चष्मे मागे लागून विकतात, पण २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने जुने अभ्यास एकत्र करून आढावा घेतला त्यात अशा चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही दिसलं नाही. तेवढ्या पैशात चांगली खुर्ची येत नाही पण चांगली उशी येते. डोकं रोज दुखत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, नंबर बदललेला असतो बऱ्याचदा.

मॉनिटरच्या मागे आणि वर हवा खेळू द्या, भिंतीला चिकटवू नका. वरच्या झडपांवर (हवा जायच्या फटी) रुमाल, फाइल, मांजर काही नको. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला तर फोडणीचा धूर आणि तेलाचा थर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते, मग ते निघता निघत नाही. देवघर शेजारी असेल तर उदबत्तीचंही तेच.

६. पुसायचं कसं

माझी दुखरी नस आहे ही, म्हणून जरा सविस्तर.

तुम्हाला जी काच वाटते ती बहुतेक मॉनिटरमध्ये वरून काच नसतेच, प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी कमी करणारा बारीक थर. काचेच्या स्प्रेमधला अमोनिया किंवा स्पिरिट तो थर खातं. पण त्याहून वाईट म्हणजे ओघळ. थेंब खाली ओघळतो, फ्रेमच्या फटीतून आत जातो, आणि तिथे पॅनेलच्या आतल्या काचेला चिकटलेल्या पातळ पट्ट्या असतात ज्यांच्यातून ठिपक्यांच्या रांगांना सिग्नल जातो. तिथे पाणी गेलं की रेघा. माझं झालं ते हेच.

तर असं करा. मॉनिटर बंद, प्लग काढलेला, आणि गार झालेला. बंद काळ्या स्क्रीनवर डाग दिसतातही चांगले. आधी कोरडं मायक्रोफायबर कापड, चष्म्याच्या डबीत मिळतं तसलं, वरून खाली हलक्या हाताने फिरवायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. डाग उरलाच तर कापडाचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने ओला करून घट्ट पिळायचा, दाबल्यावर थेंब पडता कामा नये, आणि तेवढ्याच जागेवर फिरवून लगेच कोरड्याने पुसायचं. नळाचं, त्यातून बोअरचं पाणी नको, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त "बॅटरीचं पाणी" असं मोघम मागू नका, तिथे अॅसिडही असतं.

वर्तमानपत्र, टिश्यू, जुनी बनियन, साडीचा पदर, पावडर, टूथपेस्ट, सॅनिटायझर, नेलपेंट रिमूव्हर यातलं काही नाही. बोटाने दाखवताना स्क्रीनला टेकवायचं नाही हे घरातल्या लहानांना आणि मोठ्यांना दोघांनाही सांगा, मोठे जास्त टेकवतात. पुन्हा प्लग लावायच्या आधी अर्धा तास सुकू द्या. मागच्या झडपांवरची धूळ रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने झटका.

दसऱ्याचं एक सांगायचं राहिलं. खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला आपण कॉम्प्युटरचीही पूजा करतो, करावीच, पण हळदकुंकू फ्रेमवर किंवा स्टँडवर लावा, स्क्रीनवर नको. अक्षता वरून टाकल्या की झडपेतून आत जातात. झेंडूचं फूल ओलं असतं, ते कीबोर्डापुढे ठेवा. आणि तीर्थ शिंपडायचं असेल तर ते आपल्यावर.

७. पावसाळा आणि मुंग्या

कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घाम फुटल्यासारख्या होतात. अशा वेळी मॉनिटर महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवलेला बरा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल सुकते. ओल आलेल्या भिंतीपासून लांब ठेवा. झाकायचा तर सुती कापडाने, आणि गार झाल्यावर. प्लास्टिकची पिशवी घातलीत तर ओल आतच कोंडून राहते. खिडकीतून शिंतोडे येऊन भिजलाच तर चालू करून बघायचा मोह आवरा, प्लग काढा, दोन-तीन दिवस पंख्याखाली सुकू द्या आणि मग दुरुस्तीवाल्याला दाखवूनच लावा.

मुंगी. उजेडाला आणि ऊबेला बारीक मुंगी पडद्याच्या आत शिरते आणि अक्षरांवरून फिरायला लागते. बोटाने दाबायचं नाही! आत चिरडली की ती कायमची तिथेच, स्वल्पविरामासारखी. मॉनिटर बंद करा, खोलीत काळोख करा आणि कडेला टेबललॅम्प लावून ठेवा, बरेचदा आपली आपण बाहेर येते. आणि टेबलावर चहा-बिस्किटं बंद करा, मूळ तिथेच असतं.

८. रोजचं

कॉम्प्युटर सोडून उठलात की १० मिनिटांत स्क्रीन आपोआप बंद होईल असं सेटिंग ठेवा. स्क्रीनसेव्हर लावायची गरज नाही, तो जुन्या डबा मॉनिटरच्या काळातला, एकच चित्र राहिलं की तिथे कायमचा डाग पडायचा म्हणून. आता ती काळजी ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) घेतलेल्यांनी करायची, त्यांनी टास्कबार लपवून ठेवा आणि मॉनिटर स्वतःहून पिक्सेल रिफ्रेश करायला मागतो तेव्हा त्याला करू द्या, मध्येच प्लग काढू नका.

९. बंद पडला तर, माणसाला बोलवायच्या आधी

मॉनिटरचा छोटा दिवा लागतोय का बघा. लागत नसेल तर सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून सॉकेट जिवंत आहे का ते बघा, मग पॉवर केबल मागून घट्ट दाबा, मागे एक वेगळं बटणही असतं काही मॉडेलना. दिवा लागतोय पण नो सिग्नल असेल तर मॉनिटरच्या मेनूत इनपुट, म्हणजे कुठल्या भोकातून चित्र घ्यायचं ते, बरोबर निवडलाय का बघा, मग केबल दोन्हीकडून काढून लावा, मग दुसरी केबल. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्स नव्याने सुरू होतं, कधीकधी तेवढ्याने चित्र येतं. शेवटी तोच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा, तिथे चालला तर दोष मॉनिटरचा नाहीच. जळका वास, धूर किंवा चर्रचर्र आवाज आला तर यातलं काहीच न करता आधी भिंतीवरचं बटण बंद.

दुरुस्तीचा आकडा नव्याच्या अर्ध्याच्या वर जात असेल तर मी नवा घेते, पॅनेल सोडून दुसरं काही गेलं असेल, म्हणजे अडॅप्टर किंवा पॉवर सप्लायचं बोर्ड, तर मात्र दुरुस्त करून घ्या, स्वस्तात होतं. आणि मेलेला मॉनिटर भंगारवाल्याला किलोवर घालू नका. डबा मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, एलईडीच्या आधीच्या चपट्या मॉनिटरमध्ये पारा असलेल्या बारीक ट्यूब असतात, आणि ते फोडतात उघड्यावर. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम लागू झालेत, त्यात जुना माल रिसायकल करून घ्यायची जबाबदारी कंपनीवर आहे, तिच्या वेबसाइटवर कुठे द्यायचा ते मिळतं. माझा तो रेघांवाला मी तसाच दिला. स्टँड तेवढा काढून ठेवलाय, दुसऱ्या कशाला बसत नाही, पण टाकवत नाहीये.